बरगड्यांच्या आतलं गाणं

१

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, हळदीच्या गोदामांना लागून एक बोळ होता. चौऱ्याण्णव साली त्या बोळात डॉक्टर दीक्षा होवाळचा दवाखाना होता. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत टेबलखुर्चीऐवजी सतरंजी. पेशंटला ती सतरंजीवर बसवायची, आपण त्याच्या पाठीमागे मांडी घालायची आणि स्टेथोस्कोप लावून डोळे मिटायची. दुसरे डॉक्टर दोन ठिकाणी नळी टेकवून मोकळे होत. ही एकेका जागी थांबून राहायची. मागितलं तरी इंजेक्शन द्यायची नाही. सलाइनच्या बाटल्या तर दवाखान्यात ठेवतच नव्हती. पेठेतले डॉक्टर तिला हसायचे. होवाळबाईंकडे पेशंटच्या आधी बाईंनाच झोप लागते, म्हणायचे. पण हळदीची धूळ छातीत घेऊन जगणारे हमाल आणि पाखडणाऱ्या बाया तिच्याकडेच यायच्या. "बाई कानानं बघती," असं त्या एकमेकींना सांगत.

बिराप्पा तिच्याकडे आला तो फेब्रुवारीतल्या एका सकाळी, थोरल्या बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून. म्हसवडकडचा माणूस, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पन्नाशी ओलांडलेली, उंच हाडपेर, डोक्याला तांबडा पटका, काखेत कापडात गुंडाळलेला पावा. लहानपणी त्याला देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पावा मात्र असा वाजवायचा की जत्रेत लोक पाळणे सोडून त्याच्याभोवती बसत. रेडिओवर वाजवायला त्याला सांगलीत बोलावलं होतं. आदल्या दिवशी तो काचेच्या खोलीत बसला, निम्मं वाजवलं, आणि खोकला आला तो थांबेचना.

"फडक्यावर रगात आलं बाई," बहीण म्हणाली. तिचं नाव बयाबाई. साठीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. "हा म्हनतो, गावाकडं जाऊन काढा घेतो. म्या म्हनलं, आदी दावायचं, मग जायाचं."

"कशाला दावायचं," बिराप्पा हळू म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "दम लागतोय, येवडंच."

दीक्षानं त्याला सतरंजीवर बसवलं आणि पाठीमागे बसून नळी लावली. डाव्या बाजूला हवा ठीक येत होती. उजव्या बाजूला खाली ठीक, वर खरखर. ती आणखी वर सरकली, खांद्याच्या हाडाजवळ थांबली आणि डोळे मिटले.

खरखरीच्या पलीकडे कुणीतरी गात होतं.

२

तिनं कानातून नळी काढली. बाहेर गाणं नव्हतं. बोळात हातगाडी चालली होती, गोदामात पोती आदळत होती. पुन्हा नळी लावली. बाईचा आवाज, बारीक, लांबून येणारा. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. माळावर जाताना बाया गातात तसली सरळ, लांब चाल.

दीक्षा अशा घरात वाढली होती जिथं असल्या गोष्टींना जागा नव्हती. वडील शाळामास्तर. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत भरून कृष्णेत सोडले होते, आणि तेव्हापासून त्या घरात भूत हा शब्दही कुणी काढला नव्हता. लेकीचं नाव त्याच आठवणीचं होतं. म्हणून तिनं घाबरायच्या आधी विचार केला. चहाच्या गाडीवर ट्रान्झिस्टर असेल. भिंतीतून येत असेल. नळीला चीर गेली असेल. तिनं कपाटातला दुसरा स्टेथोस्कोप काढला, बाहेर बसलेल्या एका हमालाला आत बोलावून त्याची पाठ ऐकली. तिथं नुसता श्वास होता. पुन्हा बिराप्पाकडे आली.

"मामा, श्वास घ्या. आता धरून ठेवा."

त्यानं श्वास धरला. खरखर थांबली. हृदयाचे ठोके तेवढे राहिले, आणि त्यांच्यावरून ते गाणं चालूच राहिलं.

बिराप्पानं श्वास सोडला. मान किंचित मागे वळवली.

"आलं न्हवं ऐकू?" तो म्हणाला.

दीक्षा पुढे सरकून त्याच्याकडे बघू लागली. त्याच्या गप्प चेहऱ्यावर तिला कसली तरी आशा दिसली, आणि तिला वाटलं, हा माणूस कित्येक वर्षं कुणालातरी हे विचारायचं ठेवून बसला आहे.

"आलं," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. आंधळ्या डोळ्यांतून पाणी येतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं. समोर पहिल्यांदा बघितलं.

"माझी मालकीन हाय," तो म्हणाला. "हरना. जाऊन आट वर्सं झाली. मेंढरं घिऊन आमी कोकनाच्या अंगाला जायाचो, तवा पुढं ती चालायची, मागं म्या. मला वाट दिसत न्हवती म्हनून ती गात चालायची. तिच्या गळ्याचा माग धरून म्या चालायचो. ती गेली, आन महिन्याभरानं हितं," त्यानं उजव्या छातीवर बोट टेकवलं, "हितं सुरू झाली. कुनाला सांगायचं? बयाक्काला सांगितलं तर म्हनली, देवरुशाकडं जाऊ."

दाराशी बसलेली बयाबाई पदर तोंडाला लावून तिसरीकडेच बघत होती.

फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी पोकळी होती. दीक्षानं त्याला साध्या शब्दांत सांगितलं: औषध आहे, चांगलं आहे, रोज घ्यायचं, सहा-सात महिने एकही दिवस चुकवायचा नाही. बरे व्हाल.

"आन ती?" त्यानं विचारलं.

"ते मला माहीत नाही," दीक्षा म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

३

बयाबाई दर उन्हाळ्याला तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला यायची. शेडचे मालक नानासो यांनी मागची पत्र्याची खोली दोघांना राहायला दिली. बिराप्पाची खाट खिडकीशी. शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत पडलेली, साऱ्या आवारात गोड, आंबूस वास. दीक्षा दर रविवारी एसटीनं तासगावला जायची. गोळ्या द्यायला कुणाच्या हातीही पाठवता आल्या असत्या. ती स्वतः जायची.

पहिला महिना सगळं पुस्तकात असतं तसं झालं. ताप गेला, खोकला कमी झाला, बिराप्पा भाकरी मागून खाऊ लागला. नळी लावली की गाणं लांब गेलेलं असायचं. आधी ओढ्यापलीकडून आल्यासारखं, मग टेकडीपलीकडून. दीक्षा खूश व्हायची, आणि खूश होताना तिला बिराप्पाकडे बघवायचं नाही. तो काही विचारायचा नाही. शर्टाची बटणं लावून पावा हातात घ्यायचा आणि न वाजवता बोटं फिरवत बसायचा.

मग एका रविवारी तिनं नळी लावली आणि दचकून मागे सरली. आवाज अगदी जवळ होता. भिंतीपलीकडच्या खोलीत कुणी गावं इतका. पहिल्यांदा शब्द कळले.

*पुढं माझं पाऊल, मागं तुझ्या काठीचा नाद,*
*वाट दिसंना माळाला, माझ्या गळ्याला घाल साद.*

दोनच ओळी. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून.

तिला एक सवय होती. पेशंटचा श्वास ऐकताना ती नकळत त्याच्याबरोबर श्वास घ्यायची. त्याला कुठं अडतं ते तिला स्वतःच्या छातीत कळायचं. त्या दिवशी ती तशीच गाण्याबरोबर श्वास घेत गेली. ओळ संपली की घ्यायचा, म्हणून थांबली. ओळ संपली आणि दुसरी सुरू झाली. दुसरी संपली, पहिली आली. दीक्षाचा जीव घुसमटला. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले तेव्हा तिनं नळी ओढून काढली आणि खिडकीशी जाऊन हवा घेतली.

तेव्हा तिला वाटलं, शेडमधल्या वासानं झालं असेल.

बाहेर निघाली तर बयाबाई आवारात वाट बघत उभी होती. हातात बेदाणे निवडायचं सूप तसंच.

"बाई, तुमी म्हनला हुता, गोळ्या घेतल्या की लगवी लाल हुती."

"हो. घाबरायचं नाही त्याला."

"म्या घाबरत न्हाई. आता हुईना झालीया लाल, म्हनून सांगती. धा-बारा दिस झालं." तिनं सूप खाली ठेवलं. "म्या हातावर गोळ्या ठेवती, त्यो तोंडात टाकतो. मग पावा घिऊन भाईर जातो. परवा पाटीमागं जाऊन बगितलं. कुडाच्या बुडाला थुकून टाकलेल्या, भिजून फुगलेल्या."

दीक्षानं कुडाकडे बघितलं.

"मला दुसरं कोन न्हाई बाई," बयाबाई म्हणाली. रडत नव्हती, सांगत होती. "मालक गेला, पोरगं गेलं. ह्यो हाय. तिचं गानं लय ग्वाड आसंल. पन मला मानूस पायजे."

४

पुन्हा फोटो काढला तर पोकळी वाढलेली. दीक्षाला आत काय चाललंय ते हलताना बघायचं होतं. सांगलीत लालासाहेब म्हणून छातीचे एक म्हातारे डॉक्टर होते. निवृत्त झाले होते, पण स्क्रीनिंगचं जुनं यंत्र त्यांनी राहत्या घराच्या मागच्या खोलीत जपून ठेवलं होतं. पेशंटला पडद्यामागे उभं करायचं, खोली काळोखी करायची, आणि पडद्यावर त्याची छाती हिरवट उजेडात जिवंत दिसायची. तो उजेड इतका मंद की आधी डोळ्यांना अंधाराची सवय करावी लागे.

दुपारची वेळ होती. बाहेर एप्रिलचं ऊन. लालासाहेबांनी खिडक्यांवर काळे पडदे ओढले, दार लावलं, दिवा घालवला. "बसा आता दहा-पंधरा मिनिटं. डोळे तयार होऊ देत."

दीक्षाला स्वतःचा हात दिसेना. खोली नेमकी केवढी, दार कुठल्या बाजूला, सगळं हरवलं. ती उठायला गेली आणि कशाला तरी धडकली. तेवढ्यात एका खरबरीत हातानं तिचं मनगट धरलं.

"हिकडं या बाई. डाव्या हाताला लोखंडी कायतरी हाय, सांबाळून. हां. बसा."

बिराप्पानं तिला स्टुलावर बसवलं आणि आपण शेजारी जमिनीवर बसला. त्याला या खोलीत येऊन इनमिन पाच मिनिटं झाली होती.

"भ्या वाटतंय?" त्यानं विचारलं.

"थोडं."

"अंदाराला भिऊ नगा. अंदार काय करत न्हाई. कानानं बगा, तुमास्नी येतंय की." मग थोड्या वेळानं, हलकेच: "म्या थुकल्या गोळ्या. तुमी रागावला न्हाई. बयाक्का लय रागावली."

"मी रागावले नाही. मला भीती वाटली."

"माझी?"

"तुमच्यासाठी."

तो हसला असावा. मनगटावरचा हात त्यानं काढला नाही.

डोळे तयार झाले तसं लालासाहेबांनी बिराप्पाला पडद्यामागे उभं केलं आणि पायानं कळ दाबली. यंत्र गुणगुणलं. पडद्यावर हिरवा उजेड उमलला. काळ्या बरगड्या, त्यांच्यामध्ये उजळ फुप्फुसं, मधोमध हृदयाची सावली उघडमीट करणारी. उजवीकडे वर पोकळीची कड.

"श्वास घ्या. धरा."

छातीखालचा श्वासाचा पडदा थांबला. बरगड्या थांबल्या. हृदय तेवढं हलत होतं.

आणि आणखी काहीतरी. पोकळीच्या कडेकडेनं, बरगड्यांच्या मागून, करंगळीएवढी एक उभी सावली चालली होती. कुडाच्या पलीकडून माणूस जावा तशी. बरगडीमागे दिसेनाशी व्हायची, फटीत पुन्हा दिसायची. चाल सावकाश होती, मागून कुणी येत असल्यासारखी. दोन बरगड्यांमधल्या एका फटीत ती येऊन थांबली. आणि तिनं, दीक्षाला वाटलं, तोंड वळवलं. बिराप्पाकडे नव्हे. पडद्याकडे. बाहेर.

यंत्र बंद झालं. लालासाहेबांनी पाय काढला होता. काळोखात म्हाताऱ्याचा श्वास जोरात चालला होता.

"तुला काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"पोकळी," दीक्षा म्हणाली.

"मलाही तेवढंच." त्यांनी दिवा लावला. यंत्रावर चादर टाकून ती चारी बाजूंनी खोचली. "वय झालं आता माझं. पुन्हा नको आणूस याला. गोळ्या दे."

५

बयाबाई लालासाहेबांच्या ओसरीवर थांबली होती. उन्हं कलली तशी तिघं चालत कृष्णेच्या घाटावर गेली. बयाबाई पाय धुवायला खाली पाण्याशी उतरली. दीक्षा आणि बिराप्पा वरच्या पायरीवर बसले. पुलावरून स्कूटरी जात होत्या, पलीकडच्या काठाला म्हशी पाण्यात बसल्या होत्या.

इतक्या उजेडातसुद्धा दीक्षाच्या अंगातली थंडी जाईना. त्या अंधाऱ्या खोलीपेक्षाही तिला तासगावचा तो रविवार छळत होता. आता तिला कळलं होतं की ती का घुसमटली. हे या माणसाला सांगायचं की नाही? त्याच्याजवळ दुसरं होतं काय? पण न सांगितलं तर तो गोळ्या थुंकत राहणार, आणि पावसाळा काही बघणार नाही.

"मामा, हरणाबाई गाताना श्वास कुठं घ्यायच्या?"

बिराप्पाला विचार करावा लागला नाही. "नाद म्हनली की. 'काठीचा नाद', आन मग येक दम. मोटा दम घ्यायची. चालताना गायाची न्हवं."

"तुमच्या छातीतली बाई श्वास घेत नाही."

त्यानं काखेतला पावा काढून मांडीवर घेतला.

"मी नीट ऐकलंय. एकदाही नाही. गाणारं माणूस श्वास घेतल्यावाचून गाऊ शकत नाही. तुम्ही पावा वाजवता, तुम्हाला मी काय सांगू. ते जे काही आहे ते, मामा... मला वाटत नाही त्या हरणाबाई आहेत."

नदीवरून वारा आला. बिराप्पानं पटका सारखा केला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

दीक्षा त्याच्याकडे वळली.

"दमाचं म्हाईत हाय. पयल्या दिसापास्नं. मला कळनार न्हाई व्हय? म्हनलं, मेल्या मानसाला दम कशाला लागतोय. आसंल तसंच." तो थांबला. "पन गोळ्या सोडल्या, तवापास्नं ती गान्याच्या मदी हाक मारती. बिरू म्हनती. ये म्हनती."

"मग?"

"हरनानं कदी माझं नाव घेतलं न्हाई बाई. जल्मात न्हाई. आवं म्हनायची. नायतर काठी वाजवायची. मरताना बी आवंच म्हनली." त्याचा आवाज तसाच मऊ होता. "नवऱ्याचं नाव घेनारी बाई माझी न्हवं."

"हे माहीत असून गोळ्या थुंकत होता?"

"दुसरं कोन गातंय माझ्यासाटनं?" तो म्हणाला. "तुमास्नी डोळं हायती. झाड दिसतंय, मानूस दिसतंय, रस्ता दिसतोय. मला निस्ता गळा हुता येक. ती गेली तवा म्या आंदळा झालो, त्याच्या आदी न्हवतो. मग हे आलं. कोन का आसंना, तिच्या गळ्यानं गातंय. आट वर्सं संगं हाय. कुनी दारात यावं आन आपल्या मानसासारकं बोलावं, तर हाकलून द्यायाचं का? म्हनलं, ऱ्हाऊ दे."

खाली बयाबाई पाय धुऊन झाल्यावरही तशीच उभी होती, पाठमोरी. तिला सगळं ऐकू जात होतं.

दीक्षाला वाटलं होतं की आपण याला समजावणार. आता समजवायला काही उरलं नव्हतं. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. डॉक्टरकीत असं काही शिकवलेलं नव्हतं.

"मी सांगू का मला काय वाटतं?" ती म्हणाली. "तुम्ही गेलात तर मला रविवारी जायला कुठं ठिकाण नाही. मी तिथं गोळ्या द्यायला येत नव्हते मामा. मीही ऐकायला येत होते. मला त्याची सवय लागली होती. घरी भांडी घासताना मी ते गुणगुणते. म्हणून मला भीती वाटते. ते गोड आहे आणि ते ये म्हणतंय."

बिराप्पा बराच वेळ नदीच्या आवाजाकडे कान लावून बसला. मग त्यानं मान फिरवून हाक मारली.

"बयाक्का."

"काय रं."

"गोळ्या हायत्या का पिशवीत?"

बयाबाई ओल्या पायांनी पायऱ्या चढून वर आली. गोळ्या काढताना तिची बोटं पिशवीच्या नाडीत दोनदा अडकली.

६

त्यानंतर त्यानं गोळी चुकवली नाही. बेदाण्याचं काम संपल्यावर दोघं भावंडं म्हसवडला परतली. दीक्षा महिन्यातून एकदा जायची. गावाबाहेर माळावर त्यांची वस्ती होती. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, बाजूला चुलत्यांच्या मेंढरांचा वाडा. बिराप्पाच्या अंगावर मांस धरलं. पावा पुन्हा पहिल्यासारखा वाजू लागला, लांब दमाचा. छातीतला आवाज महिन्यागणिक मागे गेला. हाक बंद झाली. नंतर शब्द पुसट झाले, नंतर चाल. दीक्षा गुणगुणायची थांबली. आपण जिंकत चाललो आहोत, असं ती एसटीत बसून स्वतःला सांगायची, आणि खिडकीतून तो सगळा मोकळा, झाडं नसलेला माळ बघत राहायची.

दिवाळी झाल्यावर ती शेवटची तपासणी करायला गेली. औषध आता थोडंच उरलं होतं. फोटो स्वच्छ होता. पोकळीच्या जागी बारीकसा वण. सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. बिराप्पा घोंगडीवर बसला, दीक्षा त्याच्या पाठीमागे. बयाबाई आत चहा ठेवत होती.

नळी लावली. हवा सरळ, स्वच्छ, एखाद्या तरुण माणसाची असावी तशी. ती वर सरकली, डोळे मिटले आणि थांबली. काही नव्हतं. ती आणखी थांबली.

फार लांब, ऐकू येतंय की वाटतंय असं, ते होतं. एकच ओळ. *मागं तुझ्या काठीचा नाद.*

आणि मग त्या आवाजानं श्वास घेतला.

चुकण्यासारखं नव्हतं. पंधरा वर्षं दीक्षा श्वासच ऐकत आली होती. चालून चालून दमलेल्या बाईचा, छाती भरून घेतलेला, शेवटी जरासा अडखळलेला श्वास. दुसरी ओळ आलीच नाही. पुन्हा एक श्वास, आणखी लांबून.

तिनं नळी कानातून काढली. अंगण तसंच होतं. वाड्यात एक कोकरू ओरडत होतं.

"हाय का आजून?" बिराप्पानं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. त्याला कळलं नसतं. निदान त्यानं तसं दाखवलं नसतं.

"आहे," दीक्षा म्हणाली. "खूप लांब आहे. मामा, आज तिनं श्वास घेतला."

त्याची पाठ ताठ झाली. "कुटं?"

"नाद म्हटल्यावर."

"दमल्यागत?"

"हो."

"हाक मारली?"

"नाही. नाव घेतलं नाही."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि पुढचे आवाज थांबले. बिराप्पा माळाच्या दिशेनं तोंड करून बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते दीक्षाला त्याच्या पाठीवरून कळत होतं, कारण तिच्याही मनात तेच चाललं होतं. ते पहिल्यापासून काय होतं? आणि आता जे दमून, एकटं, लांब चाललं होतं, ते कोण होतं? घाटावर ती जे ठामपणे बोलली होती त्यातला एक शब्दही आज तिच्यानं बोलवला नसता. औषध थांबवा, असंही बोलवलं नसतं.

बयाबाई बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या मुठीत सकाळच्या गोळ्या. ती येऊन उभी राहिली, पण घे म्हणाली नाही. तिनं दीक्षाकडे बघितलं. दीक्षानं खाली, सारवणाकडे बघितलं.

बिराप्पानं हात पुढे केला.

"आन हिकडं."

त्यानं एक एक गोळी गिळली. प्रत्येक गोळीनंतर थोडा थांबायचा, मान कलती करून, मग पुढची घ्यायचा. तांब्या रिकामा केला आणि जमिनीवर ठेवला. दीक्षानं न राहवून स्टेथोस्कोप पुन्हा उचलला. त्याला त्या नळीचा आवाज कळला असावा. त्यानं मागे हात करून तो तिच्या हातातच दाबून धरला.

"आता नळी लावू नगा बाई," तो म्हणाला. "कोन का आसंना. लांबची वाट हाय. तिला तिच्या दमानं चालू द्या."